आउटलुकमधून थंडरबर्डला जायचंय, जुन्या मेल्सचं काय करू?

अंबड_जॉबवर्क:

नमस्कार मंडळी. अंबडला आमचं सीएनसी जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. ऑफिसातला पीसी विंडोज १० चा, त्यावर आउटलुक २०१०, आणि कंपनीच्या डोमेनचं एकच ईमेल अकाउंट, ते पहिल्यापासून पीओपीवर, म्हणजे मेल सर्व्हरवरून पीसीत उतरवून घेण्याच्या जुन्या पद्धतीवर. सगळे मेल त्या एका पीसीत बसलेत आणि आउटलुक ज्यात मेल साठवतं ती पीएसटी फाइल साडेआठ जीबीच्या पुढं गेलीये. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून नवीन पीसी घेतला, त्यात विंडोज ११ आहे पण ऑफिस नाही. एक्सेलचं काम लिब्रेऑफिसवर भागतंय, मग मेलसाठी थंडरबर्ड घेऊ असं ठरलं.

अकाउंट सेट करणं जमेल मला, टेन्शन आहे ते जुन्या मेल्सचं. कस्टमरचं ऑडिट आलं की त्यांचा क्वालिटीवाला आठ-दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या डेव्हिएशनचं, म्हणजे ड्रॉइंगपेक्षा थोडं वेगळं झालेल्या पार्टचं, अप्रूव्हल मागतो, आणि ते अप्रूव्हल म्हणजे मेलवर आलेला एका ओळीचा रिप्लाय असतो, "ओके, प्रोसीड". तो दाखवता आला नाही की ऑडिटमध्ये एनसी (नॉन-कन्फॉर्मन्स) पडलीच समजा. त्यामुळे सगळं यायला हवं, सेंटसकट, फोल्डरसकट, अटॅचमेंटमधल्या ड्रॉइंगसकट. एमजी रोडला एका दुकानात विचारलं तर तो म्हणे पीएसटी पेनड्राइव्हवर घ्या आणि थंडरबर्डमध्ये टाका, झालं काम. खरंच एवढं सोपं आहे का?

इंदिरानगरची:

नाही हो, एवढं सोपं नाहीये. थंडरबर्डला पीएसटी थेट उघडता येत नाही. पीएसटीमध्ये मेल, कॉन्टॅक्ट, कॅलेंडर सगळं एकाच फाइलीत कोंबलेलं असतं, थंडरबर्ड मात्र एमबॉक्स वापरतं, म्हणजे प्रत्येक फोल्डरची एक वेगळी फाइल आणि तिच्यात मेल एकाखाली एक साध्या टेक्स्टमध्ये. थंडरबर्डच्या इम्पोर्टमध्ये जो "आउटलुक" पर्याय दिसतो तो फाइल उघडत नाही, तो त्याच मशीनवरच्या आउटलुककडून मेल मागून घेतो, एमएपीआय नावाच्या मधल्या दुव्यानं. म्हणजे आउटलुक त्याच पीसीवर असायला हवं आणि चालू स्थितीत हवं. तुमच्या नवीन पीसीवर ते नाहीये, सो तिथं पीएसटी नेऊन काही उपयोग नाही. विंडोज ११ मध्ये जे नवीन आउटलुक आयतं येतं ते यासाठी चालत नाही, क्लासिकच लागतं.

आधी एवढं सांगा: जुना पीसी अजून चालू आहे ना? आउटलुक ३२ बिट की ६४ बिट? फाइल मेनूत हेल्पवर क्लिक केलं की दिसेल. आणि अकाउंट सेटिंग्जमध्ये मोअर सेटिंग्ज, त्यात ॲडव्हान्स्ड, तिथं "लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर" ला टिक आहे का, असली तर किती दिवसांची? आणि मेलचा पासवर्ड कोणाला पाठ आहे की फक्त आउटलुकलाच माहितीये? हा शेवटचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात आणि मग नवीन पीसीसमोर बसून होस्टिंगवाल्याला फोन लावतात.

सिन्नर_फाटा:

आजकाल डेस्कटॉपवर मेल प्रोग्रॅम वापरतंय कोण पण? सगळं जीमेलला ढकला आणि मोकळे व्हा राव. सर्च पण भारी.

अंबड_जॉबवर्क:

@सिन्नर_फाटा भाऊ, डोमेन कंपनीचं आहे, व्हिजिटिंग कार्डापासून कस्टमरच्या व्हेंडर लिस्टपर्यंत तोच आयडी आहे. आणि एमआयडीसीत नेट गेलं तरी ऑफिसच्या मॅडमना जुनं ड्रॉइंग उघडता आलंच पाहिजे, मशीनवर ऑपरेटर वाट बघत असतो.

@इंदिरानगरची ताई, जुना पीसी चालू आहे. ३२ बिट आहे. टिक आहे, १४ दिवसांची. पासवर्ड खरंच कोणाला माहीत नव्हता, होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमधून नवीन घेतला.

इंदिरानगरची:

@सिन्नर_फाटा, आणि जीमेलला आयमॅपनं (मेल सर्व्हरवरच ठेवून वापरायची पद्धत) मेल चढवायचे तर गूगलचीच मर्यादा आहे, दिवसाला साधारण ५०० एमबी. साडेआठ जीबी पीएसटी आयमॅपवर जाताना अजून फुगते, म्हणजे तीन आठवडे तरी ते चढतच राहणार, आणि फुकटची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसकट मिळून असते. वर्षभराचे चार मेल असतील तर ठीक, इथं नको.

कॅनडा_कॉर्नर:

सीए म्हणून एक सांगतो, तांत्रिक भाग ताई बघतीलच. जीएसटी कायद्यात कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात, आणि त्या वर्षाचं अपील वगैरे चालू असेल तर त्याहून जास्त. बऱ्याच लोकांची इन्व्हॉइस, ई-वे बिलं, क्रेडिट नोटची बोलणी सगळी मेलमध्येच असतात आणि पीसी बदलताना ती कुठं गेली ते नोटीस आल्यावर कळतं. तेव्हा मूळ पीएसटीची एक कॉपी, हात न लावलेली, वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा. थंडरबर्डमध्ये सगळं आलं तरी ती पुसू नका.

जुना_मोडेम:

वाचून गंमत वाटली. आम्ही व्हीएसएनएलच्या डायलअपवर युडोरा नावाचा मेल प्रोग्रॅम वापरायचो तेव्हा हेच भांडण होतं, फक्त साडेआठ जीबीच्या जागी साडेआठ एमबी. पीओपी जन्मलं त्या काळासाठीच, ८४ साली, लाइन लावायची, मेल ओढून घ्यायचे, सर्व्हरवरून काढून टाकायचे, लाइन तोडायची, कारण मिनिटाला पैसे पडायचे. सर्व्हरवर जागा तरी कुठं होती. आता ना फोनचं बिल पडतं ना जागेची मारामार, तरी नाशिकच्या निम्म्या युनिटांत अजून पीओपीच आहे, कारण ज्यानं पहिल्यांदा सेट केलं त्यानं तसं केलं आणि कोणी हात लावला नाही.

माझं म्हणणं, एवढा खटाटोप करताच आहात तर अकाउंट आयमॅपवरच न्या. आउटलुकमध्ये तेच अकाउंट आयमॅपनं दुसऱ्यांदा जोडा, पीएसटीतले फोल्डर त्यात ओढून टाका, सर्व्हरवर चढले की थंडरबर्डमध्ये आपोआप उतरतील. इम्पोर्ट नको, ॲड-ऑन नको. आणि मॅडमच्या मोबाइलवरही मेल दिसतील.

इंदिरानगरची:

काका, रस्ता बरोबर आहे पण सर्व्हरवर जागा हवी ना. @अंबड_जॉबवर्क तुमच्या मेलबॉक्सचा कोटा किती?

अंबड_जॉबवर्क:

कंट्रोल पॅनलला २ जीबी दिसतंय. वाढवायला होस्टिंगवाला जे पैसे सांगतोय ते ऐकून साहेबांनी चहा खाली ठेवला.

इंदिरानगरची:

मग काकांचं निम्मं घेऊ. जुने मेल नवीन पीसीवर लोकल फोल्डर्समध्ये राहतील, आणि नवीन येणारे आयमॅपनं, २ जीबी त्याला पुरतात, दरवर्षी मार्चएंडला मागचं वर्ष लोकलला ओढून घ्यायचं. जुनं आणि नवीन एकाच प्रोग्रॅममध्ये, सर्च दोन्हीकडे लागतो.

आता नीट वाचा, क्रम महत्त्वाचा आहे आणि घाई करू नका, शक्यतो शनिवारी करू नका, तुमच्याकडं शनिवारी लाइट घालवतात आणि इम्पोर्टच्या मध्येच पीसी बंद पडला तर परत पहिल्यापासून.

पहिलं, जुन्या पीसीवर आउटलुकमध्ये शेवटचं सेंड-रिसीव्ह करा आणि मग त्याच सेंड-रिसीव्ह टॅबमधलं "वर्क ऑफलाइन" दाबा. हे विसरलात तर पुढं गोंधळ होतो, आणि तो लगेच दिसतही नाही. आउटलुक पीओपीवर चालू राहिलं की ते मेल ओढणार आणि १४ दिवसांनी सर्व्हरवरून काढणार. तुम्ही नवीन पीसीवर आयमॅपनं तोच डबा बघताय, मग तिथूनही ते मेल गायब होणार, कारण आयमॅप म्हणजे सर्व्हरवर जे आहे तेच दिसणं. दोन आठवडे सगळं छान आणि मग पंधराव्या दिवशी मेल उडायला लागले म्हणून लोक थंडरबर्डला शिव्या घालतात, आणि तिकडं कोपऱ्यातला जुना पीसी इमानेइतबारे आपलं काम करत असतो.

दुसरं, आउटलुक बंद करून पीएसटीची कॉपी घ्या. साधारणपणे डॉक्युमेंट्समध्ये आउटलुक फाइल्स नावाच्या फोल्डरात असते, नसली तर अकाउंट सेटिंग्जच्या डेटा फाइल्स टॅबमध्ये पत्ता दिसतो. तिथं एकापेक्षा जास्त फाइली दिसतायत का तेही बघा, आर्काइव्हची वेगळी असू शकते. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एकच फाइल त्यावर बसत नाही, भले पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

तिसरं, थंडरबर्ड जुन्या पीसीवरच टाका, आणि ३२ बिटचं. आउटलुक ३२ असेल तर थंडरबर्डही ३२ हवं, एमएपीआयला दोन्हीकडं सारखं बिट लागतं. डाउनलोडच्या पानावर ३२ बिटचा पर्याय असतो, आपोआप मिळतं ते बहुतेक ६४ असतं. उघडल्यावर ते लगेच अकाउंट मागेल, तिथं काही भरू नका, कॅन्सल करा. आपल्याला इथं मेल आणायचे नाहीत, फक्त जुने उतरवून घ्यायचेत.

चौथं, टूल्स मेनूत इम्पोर्ट, तिथं आउटलुक, आणि मग मेल. आउटलुक हा विंडोजचा डीफॉल्ट मेल प्रोग्रॅम असायला हवा, आधी ते सेटिंग्जमध्ये बघा. सगळं लोकल फोल्डर्सखाली एका नवीन फोल्डरात येईल, आतली मांडणी तशीच राहते. सी ड्राइव्हवर जागा बघून ठेवा, साडेआठचे साडेआठ होणार नाहीत. पीएसटीमध्ये अटॅचमेंट मूळ रूपात असतात, एमबॉक्समध्ये बेस६४ नावाच्या टेक्स्ट रूपात, म्हणजे तीन बाइटच्या जागी चार. तुमच्या मेलमध्ये ड्रॉइंग जास्त, तेव्हा ११ ते १२ जीबी धरून चाला.

पुढचं हे झाल्यावर सांगते.

पाथर्डी_फाटा:

पीएसटीचं एमबॉक्स करून देणारं सॉफ्टवेअर मिळतं की, फ्री आहे, एका क्लिकमध्ये. एवढं कशाला?

इंदिरानगरची:

त्यातली बरीचशी "फ्री" म्हणजे डेमो असतात, प्रत्येक फोल्डरातले पहिले थोडेच मेल देतात आणि बाकीच्यांसाठी पैसे. पैशांचंही सोडा. त्या पीएसटीत कस्टमरची ड्रॉइंग आहेत, ज्यावर एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, सही केलेला असतो, ती कोणत्या तरी अनोळखी सॉफ्टवेअरच्या हवाली का करायची? आउटलुकच नसतं आणि नुसती पीएसटी हातात असती तर विचार केला असता. इथं आउटलुक जिवंत आहे.

द्राक्षबाग_निफाड:

ताई आमच्याकडं विंडोज लाइव्ह मेल होतं, एक्सपोर्टचं सगळं त्याच्यावर. त्याचा सपोर्ट जानेवारी २०१७ मध्येच संपला पण चालत होतं म्हणून चालवलं. आमच्या पुतण्यानं ते थंडरबर्डला नेलं, तिथं प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल असते, त्यानं इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी नावाचं ॲड-ऑन टाकून फोल्डरच्या फोल्डर सबफोल्डरसकट आत घेतले, आउटलुकपेक्षा सोपं गेलं असं म्हणाला. बाकी @अंबड_जॉबवर्क दादा, हे काम सीझनमध्ये काढू नका एवढंच सांगेन, तुमचा काय सीझन असेल तो. आमच्याकडं जानेवारी ते मार्च कंटेनर चालू असतात, रेसिड्यूचे रिपोर्ट, फायटो (फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट), बीएल (बिल ऑफ लेडिंग) सगळं मेलवर, तेव्हा पीसीला कोणी हात लावायचा नाही. खरड छाटणी उरकली की मग काय ते प्रयोग.

माझा पण एक प्रश्न. शेतकऱ्यांची नावं कॉन्टॅक्टमध्ये मराठीत आहेत, पुतण्याच्या ऑफिसात आउटलुक आहे तिथून सीएसव्ही काढली तर सगळीकडं प्रश्नचिन्हं. नावं गेली का?

इंदिरानगरची:

गेली नाहीत, आउटलुकमध्ये शाबूत आहेत. सीएसव्ही काढताना आउटलुक युनिकोडमध्ये लिहीत नाही, विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये लिहितं, त्यात देवनागरी बसत नाही म्हणून प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. त्या फाइलीतून परत मिळणार नाहीत, ती टाकून द्या. आउटलुकच्या कॉन्टॅक्टमध्ये लिस्ट व्ह्यू लावा, नाव, फोन, ईमेल एवढे कॉलम ठेवा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये पेस्ट करा. मग सेव्ह करताना सीएसव्ही आणि कॅरेक्टर सेट यूटीएफ-८. थंडरबर्डच्या ॲड्रेस बुकमध्ये ती इम्पोर्ट केली की कोणता कॉलम कशात जायचा ते विचारतं.

जुना_मोडेम:

मराठीवरून आठवलं, २००५ च्या आसपासचे मेल उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसली तर इम्पोर्ट फसला असं समजू नका. तेव्हा लोक श्रीलिपीसारख्या फॉन्टात टाइप करून तेच मेलमध्ये चिकटवायचे. युनिकोड नव्हतं ते, आत इंग्रजी अक्षरांचेच कोड, फॉन्ट असला तरच मराठी दिसायचं. आधी आउटलुकमध्ये तोच मेल कसा दिसतो ते बघा, तिथंही तसाच असेल तर आला तसा आलाय.

अंबड_जॉबवर्क:

अपडेट देतो. जुन्या पीसीवर ३२ बिट टाकलं, इम्पोर्ट लावलं, पहिल्यांदा आउटलुक सापडलंच नाही म्हणाला, डीफॉल्ट मेल ॲप बदलल्यावर चालू झाला. बराच वेळ चालला. पण एका मोठ्या कस्टमरच्या फोल्डरशी येऊन अडकला, पुढं हलेचना, बाकीचे फोल्डर आलेत, तो अर्धाच. आउटलुकमध्ये उघडला तर तोही मध्येच एका मेलवर हँग होतो.

इंदिरानगरची:

मग दोष इम्पोर्टचा नाही, पीएसटी तिथं खराब आहे. आउटलुकसोबतच स्कॅनपीएसटी नावाचं रिपेअर टूल येतं, २०१० चं असेल तर प्रोग्रॅम फाइल्समध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिसखाली ऑफिस१४ फोल्डरात सापडेल. आउटलुक पूर्ण बंद करा, आणि तुम्ही बाजूला काढलेली कॉपी तशीच राहू द्या, रिपेअर चालू पीएसटीवर. रिपेअरच्या आधी बॅकअप करू का विचारतं, हो म्हणा. एकदा झालं की परत चालवा, चुका दाखवायच्या थांबेपर्यंत. रिपेअरनंतर आउटलुकमध्ये "लॉस्ट अँड फाउंड" असा फोल्डर दिसला तर त्यातही डोकवा, ज्यांचा फोल्डर कुठला ते कळलं नाही ते मेल तिथं पडतात.

मग थंडरबर्डमधला आधी आलेला सगळा पसारा डिलीट करून, ट्रॅश रिकामा करून, नव्यानं इम्पोर्ट. अर्ध्यावरून पुढं नेऊ नका, डबल मेल निवडत बसावं लागेल.

अंबड_जॉबवर्क:

झालं! रिपेअरनं काम केलं, या वेळी तो फोल्डर पण आला. आता सगळं आलंय हे कसं पक्कं करू? एवढे मेल डोळ्यांनी तर बघू शकत नाही.

इंदिरानगरची:

फोल्डरनिहाय आकडे जुळवा. आउटलुकमध्ये फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं "शो टोटल नंबर ऑफ आयटम्स" निवडलं की न वाचलेल्यांऐवजी एकूण आकडा दिसतो. थंडरबर्डमध्ये फोल्डर उघडला की खालच्या पट्टीत टोटल येतं. कागदावर दोन कॉलम करा. सेंट आयटम्स सगळ्यात आधी, कारण पीओपी फक्त आलेले मेल आणतं, तुम्ही पाठवलेले सर्व्हरवर कधी नव्हतेच, ते हरवले तर परत कुठून मिळणार नाहीत. आणि प्रत्येक फोल्डरातला सगळ्यात जुना, सगळ्यात नवा आणि मधला एखादा मोठ्या अटॅचमेंटचा मेल उघडून ड्रॉइंग खरंच उघडतंय का बघा.

जुळलं की नवीन पीसी. जुन्यावर थंडरबर्डमध्ये हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथं प्रोफाइल फोल्डरपुढं ओपन फोल्डर, थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग्ज सगळं त्यातच असतं. जागा कळली की थंडरबर्ड बंद करा, पूर्ण बंद, आणि तो अख्खा फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी. टूल्समध्ये एक्सपोर्टही आहे, तो झिप करून देतो, पण २ जीबीच्या वर चालत नाही, तेव्हा तुम्हाला हातानंच. नवीन पीसीवर थंडरबर्ड ६४ बिटचं टाकलं तरी चालेल, प्रोफाइलला बिटशी देणंघेणं नाही, फक्त तिथलं व्हर्जन जुन्या पीसीवरच्यापेक्षा मागचं नको, नाहीतर प्रोफाइल उघडायला नकार देतं.

कॉपी केलेलं प्रोफाइल नवीन पीसीवरच्या थंडरबर्डमध्ये जागेवर बसलं की मग अकाउंट जोडा. आयमॅप, ९९३, एसएसएल. पाठवायला ४६५ एसएसएलनं किंवा ५८७ स्टार्टटीएलएसनं, दोन्हीत पासवर्ड लागतो. सर्व्हरचं नाव आपल्या डोमेनचं घातलं आणि सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर एक्सेप्शन देऊन पुढं जाऊ नका, होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरचं खरं नाव कंट्रोल पॅनलमध्ये असतं ते घाला, सर्टिफिकेट त्या नावावर असतं.

अजून एक, अँटीव्हायरसला प्रोफाइलचा फोल्डर स्कॅनमधून वगळायला सांगा. एमबॉक्समध्ये अख्खा इनबॉक्स म्हणजे एक फाइल, त्यात एक जुना व्हायरसवाला मेल सापडला की अँटीव्हायरस सगळी फाइलच क्वारंटाइनला घालू शकतो. त्याच कारणानं सगळं इनबॉक्समध्ये साठवू नका, वर्षांचे फोल्डर करा. आणि डिलीट केलेले मेल फाइलीतून लगेच जात नाहीत, नुसती खूण होते, अधूनमधून कॉम्पॅक्ट केलं की जागा मोकळी होते.

नाशिकरोडचा_निखळ:

ताई वाचून डोकं गरगरलं, पण सेव्ह करून ठेवलंय. जीमेलचं अकाउंट असेल तर हाच प्रकार का? माझा जुना प्रोग्रॅम पासवर्ड बरोबर टाकला तरी घेत नाही.

इंदिरानगरची:

जीमेल २०२२ च्या मे अखेरीपासून नुसत्या युजरनेम-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेत नाही. थंडरबर्डमध्ये ऑथेंटिकेशन ओऑथ२ निवडा, गूगलची खिडकी उघडेल, तिथं लॉगिन. प्रोग्रॅम खूप जुना असेल आणि त्यात ओऑथ नसेल तर टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढा. आणि तुमचं आधीपासून आयमॅप असेल तर न्यायचं काहीच नाही, जोडा आणि बसा, मेल सर्व्हरवरच आहेत. फक्त "ऑन माय कॉम्प्युटर" किंवा आर्काइव्ह असे लोकल फोल्डर केले असतील तर तेवढे बघा.

अंबड_जॉबवर्क:

नवीन पीसीवर झालं सगळं. आकडे जुळले, सेंट पण. मॅडमनी पहिला सर्च मारला तो २०१४ च्या एका फ्लँजच्या डेव्हिएशनचा, त्या लगेच म्हणाल्या "हे आधीपेक्षा पटकन सापडतंय". पण ॲड्रेस टाइप करताना पूर्वी पहिली दोन अक्षरं टाकली की नाव यायचं, आता काहींचंच येतंय. आणि एका कस्टमरचा आजचा मेल आलाय, अटॅचमेंटमध्ये ड्रॉइंगच्या जागी विनमेल डॉट डॅट अशी एकच फाइल, ती कशानंच उघडत नाहीये. हे आपल्या मूव्हिंगमुळं का?

इंदिरानगरची:

नाही, दोन्हीचा जुन्या मेल्सशी संबंध नाही. नावांचं असं, आउटलुकची ती सुचवायची यादी कॉन्टॅक्टमध्ये नसते, वेगळी असते, ती इम्पोर्टमध्ये येत नाही. तुम्ही ज्यांना मेल पाठवाल ते थंडरबर्ड कलेक्टेड ॲड्रेसेसमध्ये आपोआप जमवतं, थोडे दिवस द्या.

विनमेल म्हणजे पाठवणाऱ्याचं आउटलुक रिच टेक्स्टमध्ये पाठवतंय, तो प्रकार आउटलुकलाच कळतो. तुमच्याकडं इतके दिवस आउटलुकच होतं म्हणून कधी दिसलं नाही. त्यांना सांगा की मेल एचटीएमएल किंवा प्लेन टेक्स्टमध्ये पाठवा. तोवर लुकआउट नावाचं ॲड-ऑन टाका, ते त्या फाइलीतून अटॅचमेंट काढून दाखवतं.

जुना_मोडेम:

आणि कस्टमर मोठा असेल तर त्यांच्या आयटीला सांगून काही बदलेल ही आशा ठेवू नका. ॲड-ऑनच टाका.

अंबड_जॉबवर्क:

टाकलं, ड्रॉइंग उघडलं, डीडब्ल्यूजी (कॅडची फाइल) च होतं. ताई, काका, खूप आभार. मॅडम म्हणाल्या त्या मार्चएंडच्या ओढाओढीचं त्यांना कागदावर लिहून द्या, तेवढं तुमच्या वरच्या पोस्टवरून टाइप करून टेबलाला चिकटवतो. जुना पीसी फॉर्मॅट करत नाहीये अजून, आउटलुक ऑफलाइनच आहे आणि लॅनची वायर पण काढून ठेवलीये. पीएसटीच्या कॉपीची हार्डडिस्क साहेबांच्या घरी गंगापूर रोडला गेली.

कॅनडा_कॉर्नर:

हार्डडिस्कवर वर्ष लिहून ठेवा. माझ्या एका क्लायंटकडं एकसारख्या काळ्या डिस्कचा ढीग आहे आणि कशात काय ते त्यांनाही माहीत नाही.